आई सांगते ती हिस्टरी

बालरोगशास्त्रातला रुग्ण स्वतःविषयी फारसे काही सांगू शकत नाही. त्याचे दुखणे दुसरेच कोणीतरी सांगते, आणि ते दुसरे माणूस बहुतेक वेळा आई असते. रात्रीतून किती उलट्या झाल्या, लघवीचा रंग कसा होता, झटका आला तेव्हा डोळे कोणत्या बाजूला वळले होते, हे सारे आम्ही तिच्या तोंडून ऐकतो, केस पेपरवर उतरवून घेतो आणि त्या मजकुराला ‘हिस्टरी’ म्हणतो. पदव्युत्तर शिक्षण घेत असताना आमच्या सरांनी आम्हाला वारंवार बजावले होते, की आई जर म्हणत असेल की मूल नेहमीसारखे नाही, तर तपासणीत काही सापडले नाही तरी ते नेहमीसारखे नाही असेच धरून चालायचे. पुढे जिल्ह्याच्या गावी काम करताना हीच शिकवण मी माझ्या हाताखालच्या निवासी डॉक्टरांना दिली आणि आजही देईन, कारण तिच्यामुळे वाचलेली मुले मी पाहिली आहेत. परंतु बालरोगातला एक प्रकार असा आहे, की तो नेमका याच विश्वासाच्या आधारावर उभा राहतो, आणि त्याविषयी आपल्याकडे फार कमी बोलले जाते.

काही थोडे पालक मुलाला नसलेला आजार आहे म्हणून सांगतात. काही जण तपासणीसाठी द्यायच्या लघवीत स्वतःचे रक्त मिसळतात, सलाईनच्या नळीत घाण सोडतात, मुलाला मीठ, रेचक किंवा इन्सुलिन देतात, क्वचित त्याचा श्वास कोंडतात, आणि मग त्याला उचलून धावत रुग्णालयात घेऊन येतात. मारहाणीच्या प्रकरणात इजा करणारा हात पालकाचा असतो. इथे मात्र बरीचशी इजा डॉक्टरच्या हातून होते. सुई आम्ही टोचतो, भूल आम्ही देतो, शस्त्रक्रियेचा निर्णय आम्ही घेतो, आणि प्रत्येक वेळी मुलाच्या भल्यासाठीच घेतो. बाल-अत्याचाराच्या सगळ्या प्रकारांत हा प्रकार मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो तो यामुळे.

या प्रकाराचे पहिले स्पष्ट वर्णन इंग्लंडमधील लीड्स येथील बालरोगतज्ज्ञ रॉय मीडो यांनी केले. ऑगस्ट १९७७ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांचा एक छोटा लेख प्रसिद्ध झाला आणि त्यात त्यांनी या प्रकाराला ‘मुंचाउसेन सिंड्रोम बाय प्रॉक्सी’, म्हणजे दुसऱ्याच्या शरीरावर घडवलेला मुंचाउसेन सिंड्रोम, असे नाव दिले. त्याआधी १९५१ मध्ये रिचर्ड ॲशर या लंडनच्या डॉक्टरांनी, खोट्या दुखण्यांच्या कहाण्या सांगत एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात फिरणाऱ्या प्रौढ रुग्णांना थापा मारण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या मुंचाउसेन या जर्मन सरदाराचे नाव दिले होते, आणि १९६२ मध्ये अमेरिकेत हेन्री केम्प यांनी मारहाण झालेल्या मुलांच्या जखमा ओळखायला डॉक्टरांना शिकवले होते. मोडलेले हाड आणि भाजल्याचे डाग संशयाने पाहायला वैद्यक शिकले होते, पण हसतमुख, सहकार्य करणाऱ्या, डॉक्टरांचे आभार मानणाऱ्या आईकडे तसे पाहण्याचे कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते. मीडो यांनी वर्णन केलेल्या दोन्ही आया नेमक्या अशाच होत्या.

लेखातली पहिली मुलगी सहा वर्षांची आहे. मीडो तिला के म्हणतात. तिच्या लघवीत वारंवार रक्त आणि पू सापडत होता. लीड्सला येईपर्यंत ती १२ वेळा रुग्णालयात दाखल झाली होती, तिच्या सात मोठ्या क्ष-किरण तपासण्या झाल्या होत्या, सहा वेळा भूल देऊन तिला तपासले होते, पाच वेळा मूत्राशयात दुर्बीण घातली होती, आठ प्रकारची प्रतिजैविके देऊन झाली होती, प्रयोगशाळांनी तिच्या लघवीची १५० हून अधिक वेळा जंतुतपासणी केली होती आणि १६ तज्ज्ञांनी तिच्या उपचारांत भाग घेतला होता. हे आकडे मी जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा त्या १६ जणांचा विचार माझ्या मनात येतो. त्यांच्यातला कोणीही निष्काळजी नव्हता. उलट प्रत्येकाने आधीच्यापेक्षा जास्त काळजी घेतली, म्हणून तर त्या मुलीच्या वाट्याला आणखी एक तपासणी आली.

अखेर तपास लागला तो अगदी साध्या गोष्टीने. सात दिवस प्रत्येक नमुना कोणी घेतला याची नोंद ठेवण्यात आली. त्या काळात ५७ नमुने मिळाले. परिचारिकेच्या देखत घेतलेले ४५ नमुने निर्दोष होते. आईने घेतलेल्या किंवा आईजवळ काही वेळ राहिलेल्या १२ नमुन्यांत रक्त आणि जंतू होते. पुढे न्यायवैद्यक तपासणीत ते रक्त आईच्या रक्ताशी जुळले. कोणतेही नवे यंत्र लागले नाही, कोणाची मानसिक चाचणी लागली नाही. आजवर कोणी विचारला नव्हता तो प्रश्न कोणीतरी विचारला, की हा नमुना प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत कोणाकोणाच्या हातातून गेला.

लेखातले दुसरे मूल म्हणजे चार्ल्स नावाचा मुलगा. वयाच्या सहाव्या आठवड्यापासून त्याला उलट्या आणि गुंगीचे झटके येत होते आणि दर झटक्यात रक्तातील सोडियमचे प्रमाण भलतेच वाढलेले असे. आमच्याकडे उन्हाळ्यात अंगावरचे दूध न पुरलेल्या तान्ह्या बाळांत किंवा भुकटीचे दूध घट्ट कालवून पाजलेल्या बाळांत असे वाढलेले सोडियम दिसते, त्यामुळे कोणत्याही बालरोगतज्ज्ञाचे मन आधी पाण्याकडे आणि चमच्यांच्या मापाकडेच जाईल. चार्ल्सच्या बाबतीत वेगवेगळ्या केंद्रांत मूत्रपिंडाच्या, संप्रेरकांच्या सगळ्या तपासण्या झाल्या आणि झटक्यांच्या मधल्या काळात तो पूर्ण निरोगी निघाला. आईला दूर ठेवून त्याला रुग्णालयात ठेवले तेव्हा तो ठणठणीत राहिला. तिला भेटायची परवानगी मिळाली आणि झटका परत आला. आई त्याला मीठ देत होती. त्याला सुरक्षित कसे ठेवावे याविषयी बालरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि समाजसेवा खाते यांच्यात बोलणी चालू असतानाच एका रात्री तो कोसळलेल्या अवस्थेत रुग्णालयात आला आणि मरण पावला. त्यानंतर त्याच्या आईने डॉक्टरांना त्यांनी घेतलेल्या काळजीबद्दल आभाराचे पत्र लिहिले आणि मग आत्महत्येचा प्रयत्न केला.

ही बाई खोटी रडत होती असे मला वाटत नाही. तिचे दुःख आणि तिचे कृत्य ही दोन्ही खरी असावीत, आणि माणसाच्या मनात ही दोन एकत्र नांदू शकतात हे मान्य करणे फार कठीण जाते. अशा व्यक्तीला यातून काय मिळते याची उत्तरे मानसोपचारतज्ज्ञांनी आपापल्या परीने दिली आहेत: आजारी मुलाची निष्ठावान आई म्हणून मिळणारे लक्ष, वॉर्डातल्या माणसांची सोबत, डॉक्टरांवर चालणारी छुपी सत्ता, स्वतःच्या बालपणातली उपेक्षा. २०१३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमावलीत हे निदान ज्या प्रौढ व्यक्तीने आजार लादला तिच्या नावावर लिहिण्याची पद्धत ठरली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी मात्र हेतूच्या चर्चेत अडकण्याऐवजी याला सरळ वैद्यकीय मार्गाने केलेला बाल-अत्याचार म्हणावे, असा आग्रह धरला. मला दुसरी भूमिका जवळची वाटते. आईच्या मनात काय होते हे ठरायला वर्षे लागतील; मुलाला अनावश्यक आणि घातक उपचार मिळत आहेत की नाहीत हे ठरवायला तेवढी वाट पाहता येत नाही. मेरी शेरिडन या संशोधक बाईंनी २००३ मध्ये, तोवर प्रसिद्ध झालेली ४५१ प्रकरणे एकत्र तपासली, तेव्हा लक्षणे सुरू झाल्यापासून खरे कळेपर्यंत सरासरी २२ महिने गेल्याचे आणि सहा टक्के मुले दगावल्याचे दिसले. त्यातली बहुतेक मुले चार वर्षांची किंवा त्याहून लहान होती, म्हणजे स्वतः काही सांगू न शकणारी.

आईने सांगितलेली हकिकत कोणी पडताळून पाहिली नाही तर ती केवळ एका मुलापुरती राहत नाही, हे न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजच्या प्रकरणाने दाखवले. वनीटा होइट या बाईची पाच मुले १९६५ ते १९७१ या काळात एकामागून एक दगावली. त्यांतल्या शेवटच्या दोघांना आल्फ्रेड स्टाइनश्नायडर या डॉक्टरांनी अभ्यासासाठी रुग्णालयात ठेवून घेतले होते. घरी बाळाचा श्वास थांबतो, ते निळे पडते, असे आई सांगत असे. वॉर्डातल्या परिचारिकांना तसे काही दिसत नव्हते. उलट आई बाळाजवळ फारशी जातच नाही हे त्यांना खटकत होते आणि त्यांनी ते बोलूनही दाखवले. दोन्ही बाळे घरी सोडल्याच्या दुसऱ्याच दिवशी मरण पावली. १९७२ मध्ये त्या डॉक्टरांनी या दोन भावंडांच्या आधारे असा सिद्धान्त मांडला, की पाळण्यातल्या अचानक मृत्यूंचे (कारण न कळता झोपेत दगावणाऱ्या तान्ह्या बाळांच्या मृत्यूंचे) मूळ झोपेत श्वास थांबण्यात असावे आणि ते घराण्यात असू शकते. त्यावर पुढची अनेक वर्षे संशोधन चालले आणि हजारो घरांत बाळाच्या छातीला श्वास मोजणारी यंत्रे बांधली गेली. १९८६ मध्ये लिंडा नॉर्टन या न्यायवैद्यकतज्ज्ञ बाईंनी तो जुना लेख वाचून एका सरकारी वकिलाला सावध केले. १९९४ मध्ये होइट यांनी पाचही मुलांचा जीव घेतल्याची कबुली दिली (ती त्यांनी नंतर मागे घेतली) आणि १९९५ मध्ये त्या दोषी ठरल्या. दरम्यान, बाळाला पालथे न झोपवता पाठीवर झोपवावे हा साधा सल्ला अमेरिकेत दिला जाऊ लागला होता आणि त्याने तिथले पाळण्यातले मृत्यू पुढच्या काही वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले.

या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त वाईट वाटते ते त्या परिचारिकांविषयी. बाळाला चोवीस तास पाहणाऱ्या त्याच होत्या. आपल्याकडेही वॉर्डात काय चालले आहे हे राउंडच्या डॉक्टरपेक्षा सिस्टरला, आणि कित्येकदा आयाबाईला, जास्त माहीत असते, पण केस पेपरवर त्यांच्या म्हणण्याला जागा नसते.

डेव्हिड साउथॉल या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी ही जागा कॅमेऱ्याने भरून काढायचा प्रयत्न केला. लंडन आणि स्टॅफर्डशर येथील दोन रुग्णालयांत १९८६ ते १९९४ या काळात, ज्यांच्याविषयी गंभीर संशय होता अशा ३९ मुलांच्या खोलीत त्यांनी लपवलेले कॅमेरे बसवले. शेजारच्या खोलीत पाहणारी माणसे बसत आणि काही विपरीत दिसताच परिचारिका धावून जात. ३९ पैकी ३३ मुलांच्या बाबतीत अत्याचार दिसला. ३० जणांचा श्वास मुद्दाम कोंडला जात होता. या ३९ मुलांच्या ४१ भावंडांपैकी १२ जण आधीच अचानक मरण पावलेले होते. पालकांच्या नकळत असे चित्रीकरण करणे योग्य की अयोग्य यावर मोठा वाद झाला. मी त्या वादात साउथॉल यांच्या बाजूची आहे, आणि त्याचे कारण केवळ ते ३३ नाहीत. उरलेल्या सहा मुलांच्या बाबतीत असे काही दिसले नाही, हेही त्याच कॅमेऱ्याने सांगितले. पुरावा शोधणे म्हणजे आरोप करणे नव्हे. कित्येकदा पुराव्याअभावी नुसता रेंगाळणारा संशय निर्दोष माणसावर जास्त अन्याय करतो.

यानंतरची गोष्ट इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी अजून विसरू नये अशी आहे. सॅली क्लार्क या वकील बाईंचा पहिला मुलगा १९९६ च्या डिसेंबरात आणि दुसरा १९९८ च्या जानेवारीत तान्हेपणीच मरण पावला. त्यांच्यावर खुनाचा खटला झाला आणि साक्षीला उभे राहिले ते रॉय मीडो. अशा सुस्थितीतल्या, धूम्रपान न करणाऱ्या घरात पाळण्यातला मृत्यू होण्याची शक्यता ८५४३ मध्ये एक, म्हणून दोन मृत्यूंची शक्यता त्या संख्येला तिनेच गुणून ७ कोटी ३० लाखांत एक, असे त्यांनी ज्यूरीला सांगितले. हा गुणाकार दोन मृत्यू एकमेकांशी संबंधित नाहीत असे गृहीत धरतो. एकाच घरातल्या, एकाच रक्ताच्या दोन भावांविषयी ते गृहीत धरता येत नाही. शिवाय एखादी गोष्ट दुर्मीळ आहे यावरून ती घडलीच नाही असे ठरत नाही, कारण एका आईने दोन तान्ह्या मुलांचा खून करणे हेही अत्यंत दुर्मीळच आहे, आणि तुलना करायची तर या दोन दुर्मीळ गोष्टींची करायला हवी. ब्रिटनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ मध्ये जाहीर निवेदन काढून या आकड्यावर आक्षेप घेतला. पुढे असेही उघड झाले, की दुसऱ्या बाळाच्या शरीरात जंतुसंसर्ग दाखवणारे अहवाल शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी बचाव पक्षापुढे ठेवलेच नव्हते. १९९९ मध्ये जन्मठेप झालेल्या सॅली क्लार्क जानेवारी २००३ मध्ये सुटल्या आणि मार्च २००७ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

के या मुलीच्या ५७ नमुन्यांची एकेक नोंद पाहणारे मीडो आणि ७ कोटी ३० लाखांचा आकडा सांगणारे मीडो एकच आहेत, ही गोष्ट मला बराच काळ पचवता आली नाही. पहिल्या वेळी त्यांनी मुलीकडे पाहिले होते, दुसऱ्या वेळी मुलांविषयीच्या एका कल्पनेकडे. एक मृत्यू दुर्दैव, दुसरा संशयास्पद आणि तिसरा अन्यथा सिद्ध होईपर्यंत खूनच, हे त्यांच्या नावाने प्रसिद्ध झालेले सूत्र ऐकायला नेमके वाटते आणि त्यात प्रत्यक्ष बाळ कुठेच नाही. साउथॉल यांचेही तेच झाले. ज्यांनी पुराव्यासाठी खोलीत कॅमेरे लावले, त्यांनीच सॅली क्लार्क यांच्या पतीची दूरचित्रवाणीवरची एक मुलाखत पाहून, खरा खुनी तोच असावा असे अधिकाऱ्यांना कळवले आणि २००४ मध्ये त्याबद्दल गैरवर्तनाचा ठपका ओढवून घेतला. मीडो यांची वैद्यकीय नोंदणी २००५ मध्ये रद्द झाली आणि पुढच्या वर्षी न्यायालयाने ती शिक्षा रद्दबातल ठरवली.

त्याच वर्षांत इंग्लंडमधल्या एका गुजराती कुटुंबातील फार्मासिस्ट बाईंवर आपल्या तीन तान्ह्या मुलांच्या खुनाचा आरोप झाला होता. त्यांच्या ऐंशीच्या घरातल्या आजी भारतातून जाऊन साक्षीला उभ्या राहिल्या आणि त्यांनी सांगितले, की माझीही पाच मुले तान्हेपणीच गेली. २००३ मध्ये ज्यूरीने त्या बाईंना निर्दोष ठरवले. ऑस्ट्रेलियात कॅथलीन फोल्बिग यांना चार मुलांच्या मृत्यूंसाठी वीस वर्षे तुरुंगात काढावी लागली. नंतर त्यांच्या मुलींमध्ये हृदयाची लय बिघडवू शकणारा जनुकीय बदल आढळला आणि २०२३ मध्ये त्या सुटल्या. ज्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या बाळे जात आली त्या घराण्यातल्या आईला आपल्याकडे एके काळी अवदसा किंवा डाकीण म्हणत. शास्त्राच्या भाषेत तेच म्हटले तर ते कमी क्रूर होत नाही.

ग्रेगरी येट्स आणि ख्रिस्तोफर बास यांनी २०१७ मध्ये ७९६ प्रकरणांचा आढावा घेतला, त्यात ९५ टक्क्यांहून अधिक वेळा आजार लादणारी व्यक्ती मुलाची आई होती आणि जवळजवळ निम्म्या व्यक्तींचा आरोग्यसेवेशी व्यवसायाने संबंध होता. असा आकडा वाचला की काही तरुण डॉक्टर तो उलटा वाचतात, आणि खूप प्रश्न विचारणारी, वैद्यकीय शब्द वापरणारी, नर्सिंग झालेली आई त्यांना संशयित वाटू लागते. सिद्ध झालेल्या प्रकरणांत आया जास्त आहेत यावरून आयांमध्ये अशी प्रकरणे किती याविषयी काहीच कळत नाही. ब्रिटन आणि आयर्लंड मिळून १९९२ ते १९९४ या दोन वर्षांत अशी १२८ प्रकरणे नोंदली गेली होती. त्याच काळात तिथल्या बालरोग विभागांतून खऱ्या आजाराने पछाडलेली किती मुले आणि त्यांच्या उशाशी बसलेल्या किती आया गेल्या असतील, याचा अंदाज आमच्या व्यवसायातल्या कोणालाही करता येईल.

आपल्याकडे तर आईवर फाजील विश्वास ठेवण्यापेक्षा तिचे ऐकूनच न घेण्याचे पाप कितीतरी मोठे आहे. माझ्याकडे एकदा सहा महिन्यांचे बाळ घेऊन एक आई आली होती. बाळ झोपेतून उठले की मान पुढे टाकते, दोन्ही हात फेकते आणि असे लागोपाठ अनेकदा करते, असे ती सांगत होती. आधीच्या दोन-तीन दवाखान्यांत तिला, बाळ दचकते, पोटात गॅस धरतो, तुम्ही उगीच काळजी करता, असे सांगून परत पाठवले होते. तपासणीच्या वेळी बाळ शांत होते. तिच्या दिराने मोबाइलवर काढलेले चित्रीकरण तिने दाखवले आणि ते पाहताच ईईजी (मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख) काढायला पाठवण्यात मी वेळ घालवला नाही. तो वेस्ट सिंड्रोम, म्हणजे तान्ह्या बाळांतला झटक्यांचा एक गंभीर आजार, होता. त्यात उपचाराला झालेला प्रत्येक आठवड्याचा उशीर बाळाच्या मेंदूला महाग पडतो. हे लक्षण फक्त आईनेच पाहिले होते, डॉक्टरसमोर ते होत नव्हते, ती एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरत होती आणि आधीच्या डॉक्टरांवर तिचा विश्वास उरला नव्हता. पाठ्यपुस्तकात लादलेल्या आजाराच्या धोक्याच्या खुणा म्हणून जी यादी येते, त्यातल्या चार खुणा त्या माउलीला लागू होत्या.

शिवाय आपल्याकडे मुलाला इजा करणाऱ्या सगळ्याच गोष्टी या प्रकारात मोडत नाहीत. मुंबईत गिरणीत कामाला जाणाऱ्या बाया विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तान्ह्यांना अफूची बाळगोळी देत असत, कारण कामाची पाळी संपेपर्यंत मूल झोपून राहणे एवढा एकच पाळणाघराचा पर्याय त्यांच्याजवळ होता. त्यात कोणाला फसवायचे नव्हते. आजही बाळाच्या पोटावर डाग देणारे, नवसासाठी उपचार थांबवणारे, किंवा मुलाचे अपंगत्व मुद्दाम टिकवून त्याच्या नावावर पैसे मागणारे लोक भेटतात. यातले काही अज्ञान आहे आणि काही सरळ गुन्हा आहे, पण डॉक्टरच्या हातून मुलाला दुखावण्याचा तो विशिष्ट प्रकार यात नाही, आणि सगळे एका पिशवीत कोंबले तर एकाचाही उपाय सापडणार नाही.

ब्रिटनमधल्या बालरोगतज्ज्ञांच्या ‘रॉयल कॉलेज’ या व्यावसायिक संस्थेने २०२१ मध्ये काढलेल्या मार्गदर्शनात मला आवडलेली गोष्ट अशी, की ज्या मुलाच्या लक्षणांचा मेळ बसत नाही त्याच्या बाबतीत, जिवाला तातडीचा धोका नसेल तर, तिथे आरोपाने सुरुवात करायची नाही. एका डॉक्टरने जबाबदारी घ्यायची, सगळ्या ठिकाणच्या नोंदी एकत्र करून कोणते निदान प्रत्यक्ष सिद्ध झाले आणि कोणते केवळ एका फाइलीतून दुसऱ्या फाइलीत उतरत आले हे वेगळे करायचे, मुलाशी त्याच्या वयानुसार एकट्याने बोलायचे, मग पालकांसमोर बसून उपचार टप्प्याटप्प्याने कमी करण्याची आणि मुलाला शाळेत परत पाठवण्याची योजना ठरवायची. खरोखर घाबरलेले पालक या योजनेने सुटकेचा श्वास सोडतात. जे मुलाला बरे होऊच देत नाहीत ते या टप्प्यावर उघडे पडतात. मात्र विष दिले जात असल्याचा किंवा श्वास कोंडला जात असल्याचा संशय असेल तर पालकांशी चर्चा न करता आधी मुलाला सुरक्षित करायचे, कारण चार्ल्स बोलणी चालू असतानाच गेला.

मुलाशी एकट्याने बोलण्याचा मुद्दा मला त्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या जिप्सी रोझ ब्लँचर्ड या मुलीला चालता येत असूनही वर्षानुवर्षे चाकांच्या खुर्चीत बसवले गेले, पोटात नळी घालून भरवले गेले, तिच्यावर अनेक शस्त्रक्रिया झाल्या, आणि तिच्या वतीने नेहमी आईच बोलत राहिली. २००७ मध्ये एका मेंदूविकारतज्ज्ञाला शंका आली आणि त्याने ती लिहूनही ठेवली, पण ती कागदावरच राहिली. २०१५ मध्ये आईचा खून झाला. मुलीच्या सांगण्यावरून तिच्या मित्राने तो केला होता. डॉक्टरांच्या भेटींच्या त्या सगळ्या वर्षांत आईला बाहेर बसवून कोणी त्या मुलीला चार प्रश्न विचारले असते तर दोन्ही जीव या टोकाला गेले नसते, असे माझे मत आहे.

महाराष्ट्रातल्या रुग्णालयांत हे कसे व्हावे, या प्रश्नापाशी मी नेहमी अडते. आमच्या मुलांची वैद्यकीय नोंद म्हणजे आईच्या हातातली प्लास्टिकची पिशवी. तिच्यात कोणते कागद असावेत आणि कोणते घरी राहावेत हे तीच ठरवते, आणि आधीच्या डॉक्टरला फोन लावून विचारण्याची पद्धत आपल्यात नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ नुसार, ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने त्याला विनाकारण शारीरिक वा मानसिक त्रास होईल असे वागवणे हा गुन्हा आहे. जिल्ह्याजिल्ह्यात बालकल्याण समिती आहे, १०९८ हा क्रमांक आहे. परंतु रात्री दोन वाजता वॉर्डात एकट्या असलेल्या निवासी डॉक्टरला, या बाळाचे सोडियम आई भेटायला आली की वाढते असे दिसले, तर त्याने समितीकडे जाण्याआधी कोणाशी बोलायचे? ब्रिटनमधल्या रुग्णालयांत बालसंरक्षणासाठी नेमलेल्या डॉक्टर आणि परिचारिका असतात आणि वरिष्ठांपासून नवख्यापर्यंत सर्वांना त्याचे प्रशिक्षण सक्तीचे असते. तिकडे काम करणाऱ्या माझ्या वर्गमित्रांना त्या व्यक्तीचे नाव विचारले तर ते लगेच सांगतात. आपल्याकडच्या जिल्हा रुग्णालयांत आणि मोठ्या खाजगी रुग्णालयांत असा एक डॉक्टर आणि एक सिस्टर नेमायला नवी इमारत लागत नाही की नवे यंत्र लागत नाही. तोवर मी माझ्या ओळखीच्या निवासी डॉक्टरांना एवढेच सांगते, की केस पेपरवर प्रत्येक लक्षणापुढे ते कोणी पाहिले हे लिहा: आईने, आजीने, सिस्टरने की तुम्ही स्वतः. आणि सिस्टरने पाहिले असेल तर तिची सही घ्या.